पांढऱ्या साडीतली आजी

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. हे सांगितलं की आमच्या कामोठ्याच्या सोसायटीतल्या बायका आधी "अय्या" म्हणतात आणि मग विचारतात, "म्हणजे मनःशांती वगैरे का?" नाही हो बाई. उलट समोरच्याची असलेली शांती घालवायची, हे माझं काम, आणि त्याचा मला पगार मिळतो. हे मी तोऱ्यात सांगते. मला माझा विषय येतो, आणि जे येतं त्याबद्दल उगाच मान खाली घालून बोलणं मला जमत नाही.

दरवर्षी ग्रीक तत्त्वज्ञानाच्या पेपरला मी फळ्यावर एक उभी रेघ मारते आणि तिचे चार भाग पाडते. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका ग्रीक माणसाच्या डोक्यात ही रेघ आली. सगळ्यात खाली सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं, चित्रं. त्यांच्यावरून आपण काहीतरी धरून चालतो, ती नुसती अटकळ. त्याच्या वर खऱ्या वस्तू, म्हणजे झाड, घोडा, खाट. त्यांच्याबद्दल आपला असतो तो विश्वास, आणि बहुतेक जग इथेच सुखाने नांदतं. त्याच्या वर गणितासारखा तर्क. इथे माणूस कागदावर वर्तुळ काढतो, पण बोलत असतो ते त्या काढलेल्या वर्तुळाबद्दल नव्हे. आणि सगळ्यात वर बोध. तिथे कुठल्याही चित्राचा टेकू लागत नाही.

इथपर्यंत आलं की मुलांचे डोळे जड व्हायला लागतात. मग मी होर्डिंग काढते. "उरण रस्त्यावरचं होर्डिंग आठवा. उंच टॉवर, पायाशी निळंशार तळं, तळ्याकाठी गोरी माणसं जॉगिंग करतायत. ही खालची पायरी. मग ताबा मिळतो. तळ्याच्या जागी नाला असतो. तरी तुम्ही भिंतीवर हात ठेवून म्हणता, चला, झालं एकदाचं आपलं घर. ही दुसरी. मग इंजिनिअर नकाशा उघडतो आणि कुठली भिंत पाडली तर छत डोक्यावर येईल ते सांगतो. ही तिसरी. आणि मुळात घर म्हणजे काय, हे ज्याला कळलं तो चौथीवर." मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, आमचं तर पहिल्या पायरीवरच अडकलंय, ताबाच नाही." वर्ग हसतो आणि रेघ डोक्यात बसते. परीक्षेत नाला सगळ्यांना आठवतो.

ही रेघ मी कधी घरी आणली नव्हती. घरात मी आईची मुलगी असते आणि भाजी निवडते. रेघ घरी आणली ती माझ्या मोठ्या भावाने, तीही चांगली फ्रेम करून.

दादाचं पावण्याच्या एमआयडीसीत छोटंसं वर्कशॉप आहे. लेथवर सुटे भाग करून देतो. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते, आणि दादा दर रविवारी तिला भेटायला येतो. आम्ही मूळचे मराठवाड्यातल्या एका खेड्यातले, बौद्ध. आईची आई, म्हणजे आमची आजी, आई अगदी लहान असतानाच तापाने गेली. आईला नीट बोलता यायला लागलं होतं, पण अजून शाळेत घातलं नव्हतं, त्या वयात. आमच्या वस्तीत तेव्हा कुणी कुणाचा फोटो काढलेला नव्हता. त्यामुळे आजी कशी दिसायची हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आईची ही एकच खंत. बाकी आयुष्यात इतकं काही सोसलं, त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. पण कोथिंबीर निवडता निवडता मध्येच म्हणायची, "सगळ्यांच्या आया त्यांच्या डोळ्यापुढं येत्यात. माझी येत न्हाई." मग थोड्या वेळाने, "पन हाय. दिसत न्हाई, नुसती हाय. अंधारात कुनी बाजूला येऊन बसलं की कळतं का न्हाई, तशी."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. चित्राचा टेकू न लागणारं कळणं! ज्यासाठी मी वर्षानुवर्षं फळा पांढरा करते ते आई कोथिंबिरीच्या काड्या मोडता मोडता बोलून गेली. अर्थात त्या ग्रीकाला हे मुळीच पटलं नसतं. वरच्या पायरीवर यायचं तर आधी कित्येक वर्षं गणित करा, असं त्याचं म्हणणं. आईला पाढेसुद्धा येत नाहीत. पण मी काही त्याची नोकर नाही. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की आईचं ते कळणं वरचंच आहे.

आमच्या घरी पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावतो आणि त्रिशरण म्हणतो. गेलेल्या माणसांच्या फोटोंपुढेही मेणबत्ती लागते. आई बाबांच्या फोटोपुढे एक लावायची आणि शेजारच्या मोकळ्या जागेपुढे एक. त्या जागेवर काही नव्हतं, फळीच होती. दादा ते इतकी वर्षं बघत होता. आणि दादाचा स्वभाव असा की मोकळी जागा दिसली की त्याला तिथे काहीतरी बसवावंसं वाटतं.

वैशाख पौर्णिमेला सकाळी तो आला तो कागदात गुंडाळलेली फ्रेम घेऊन. आईला खुर्चीत बसवलं, म्हणाला, "डोळे मीट." आईने मिटले. मी हात पुसत बाहेर आले.

फोटोत एक तरुण बाई होती. पांढरी साडी, निळा काठ, डोक्यावर पदर. गालाला खळी. टूथपेस्टच्या जाहिरातीत असतात तसे दात. पाठीमागे धूसर सोनेरी उजेड.

"उघड आता," दादा म्हणाला. "तुझी आई."

आईने उघडले. फोटोतल्या गालावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लई सुंदर हाय रं," आणि तिचा बांध फुटला. दादाही रडायला लागला. माझा एवढा मोठा, लेथवर काम करून हात राठ झालेला भाऊ हुंदके देत होता. आणि मी? मी विचारलं, "दादा, ही कोण?"

"आजी."

"कुणी सांगितलं?"

त्याने डोळे पुसत सगळं सांगितलं. कामोठ्यातच एक स्टुडिओवाला आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करतो, श्रद्धांजलीचे फोटो साफ करून देतो. दादाने त्याला आईचा लग्नातला फोटो दिला, वारलेल्या मामाचा म्हातारपणचा फोटो दिला. त्याने दोन्ही कंप्युटरमध्ये घातले, वय कमी केलं, बाई केली. "एआय आहे गं. ओरिजिनलपेक्षा क्लिअर येतं."

"ओरिजिनल होतं कुठे?"

"तू आता सुरू होऊ नको."

मी सुरू झालेच. त्या ग्रीकाने सावलीला सगळ्यात खाली ठेवलं. पण सावलीला निदान एक झाड तरी लागतं. ही सावली कशाचीच नव्हती. रेघेच्या खाली अजून एक तळघर खणावं लागलं असतं. हे सगळं मी दादाला म्हटलं नाही, पण दुसरं म्हटलं. "आणि पांढरी साडी? अरे, आजी गेली तेव्हा आपल्या गावाने दीक्षा तरी घेतली होती का? विहाराची साडी तिच्या अंगावर आली कुठून?"

दादाने पुन्हा फोटोकडे बघितलं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. आमच्या पिढीने चांगल्या दिवशी आपल्या आया, आत्या, मावश्या पांढऱ्या साडीतच पाहिल्या. विहारात जायचं, पांढरी साडी. फोटो काढायचा, पांढरी साडी. 'आई' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे हेच येतं. त्याने स्टुडिओवाल्याला सांगितलं होतं, "आमच्यातल्या बायका नेसतात तशी दाखव." आजी बिचारी आमच्यातली व्हायच्या आधीच गेली होती.

"मग साडी बदलून घेतो," तो म्हणाला. "हिरवं लुगडं करून देईल तो."

"आणि कुंकू?"

"म्हणजे?"

"हिरव्या लुगड्यातली त्या काळातली बाई आणि कपाळ मोकळं? कुंकू लाव मग."

आता मात्र दादा तापला. गावाने दीक्षा घेतली त्या दिवशी आई परकरी पोर होती. तिच्या वडिलांनी घरातला कुंकवाचा करंडा उचलला आणि ओढ्यात नेऊन टाकला. तेव्हापासून आमच्या कुठल्याही घरात कुंकू नाही. "बुद्धाच्या शेजारी मी कुंकवाचा फोटो लावणार नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे खरी आजी चालणार नाही. खोटी चालेल."

"तुला एक दिवस आईला खूश बघवत नाही का गं?"

"भांडू नका," आई म्हणाली. तिने पदराने काच पुसली. "आसू द्या तशीच." आणि फ्रेम त्या मोकळ्या फळीवर गेली.

खरं सांगायचं तर मी तेव्हा विषय सोडून दिला. आई खूश होती. सकाळी उठली की आधी तिच्याशी बोलायची. "उठलीस का," म्हणायची. मला गंमतही वाटायला लागली होती. म्हातारी आई आपल्या नातीच्या वयाच्या बाईला आई म्हणत होती.

मग एके दिवशी शेजारच्या काकू लोणचं द्यायला आल्या. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. त्यांनी विचारलं, "ह्या कोण?" आणि आई म्हणाली, "माझी आई. आशीच हसायची बघा. गालाला खळी पडायची. मला घ्यायला वाकली की पदर आसा मागं जायचा."

मी पेन खाली ठेवलं. ज्या बाईला उभ्या जन्मात आईचं तोंड आठवलं नव्हतं, तिला आता खळी आठवत होती. काकू गेल्यावर मी बाहेर येऊन तिच्याजवळ बसले.

"आई, ती हसायची ते तुला आठवतं?"

"व्हय की."

"आणि तू म्हणायचीस ना, अंधारात बाजूला येऊन बसल्यासारखी कळते. तशी कळते अजून?"

आईने विचार केला. प्रामाणिकपणे केला, डोळे मिटून. मग हसून म्हणाली, "आता न्हाई तसं. डोळं मिटलं की हीच दिसती."

मला भीती वाटली. राग वगैरे नंतर आला, आधी नुसती भीती. आईकडे तिच्या आईचं म्हणून सोनं नव्हतं, लुगड्याचं चिरगूट नव्हतं, तोंडसुद्धा नव्हतं. एवढं एक कळणं होतं, कुणाला दाखवता न येणारं. ते तिने इतकी वर्षं सांभाळलं, आणि फ्लेक्सवाल्याच्या कंप्युटरने ते काही आठवड्यांत पुसत आणलं होतं. आणि आईला त्याचा पत्ताच नव्हता. ती खुशीत होती.

मी दादाला फोन केला. "फोटो काढायचा."

"तिला त्रास होतोय का?"

"नाही."

"मग तुला कसलं टेन्शन आहे? तुझ्या त्या ग्रीकाला आई होती का नव्हती?"

"होती. आणि त्याने तिचा असला फोटो लावला नसता!"

"मग विचार जाऊन त्याला," म्हणून त्याने फोन ठेवला.

फोटो मी गुपचूप काढू शकले असते. पण नुसता काढून काय होणार? आईच्या डोळ्यांतून तो कोण काढणार? तो खोटा आहे हे तिला कळायला हवं होतं, आणि ते सांगायला आजीला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस हवं होतं. असं माणूस आता जगात एकच उरलं होतं. आईची आतेबहीण. आईपेक्षा बरीच मोठी. लहानपणी आपल्या मामाकडे, म्हणजे आईच्या घरीच वाढलेली. आई तिला आक्का म्हणते. आक्काचा नातू उरणजवळ द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात कामाला लागला आणि त्याने तिला गावाहून इकडे आणलं होतं. आईने आजवर तिला कित्येकदा विचारलं होतं, माझी आई कशी व्हती? आक्काचं उत्तर ठरलेलं. "चांगली व्हती." पुढे काही नाही. जुनं उकरून काढायची तिला आवड नव्हती. पण या वेळी मी फोटो घेऊन जाणार होते. फोटो समोर ठेवला की हो किंवा नाही, एवढंच म्हणावं लागतं. माझी बाजू भक्कम होती.

पुढच्या रविवारी दादाच्या गाडीतून आम्ही निघालो. आई पुढे, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. कंटेनरच्या ट्रेलरमागून रखडत जाताना दादा आणि मी एकमेकांशी बोललो नाही. त्यालाही वाटत होतं की आक्का त्याच्या बाजूने बोलेल.

आक्का पलंगावर बसली होती. सुरकुतलेली, पण ताठ, एका डोळ्याने चांगलं दिसणारी. आईने टॉवेल सोडून फ्रेम तिच्या हातात दिली. आक्काने ती लांब धरली, जवळ धरली.

"कोन ही? नर्स हाय का?"

मी दादाकडे पाहिलं. जिंकले होते.

"आक्का, आगं माझी आई," आई म्हणाली.

आक्काने पुन्हा फोटोकडे बघितलं. मग आईच्या तोंडाकडे. आईच्या तोंडावर काय होतं ते मलाही दिसत होतं. आक्काने फ्रेम हळूच मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आसंल. आसंल गं बाई. लई दिस झाले."

"असंल काय?" मी उठूनच उभी राहिले. "मावशी, असंल काय? एक तर आहे, नाही तर नाही!"

"ए, हळू," दादा म्हणाला.

"हळू का? तूही ऐक. तिला बरं वाटावं म्हणून सगळे तिच्या गळ्यात कुणीही बाई बांधतायत, आणि तू आणलीस ही बाई! साडी खोटी, खळी खोटी, दात खोटे. हिला आई पाहिजे म्हणून कुठलीही आई चालेल का? भांडं आहे का ते, फुटलं की दुसरं आणायला? हिच्याकडे जेवढं होतं तेवढं खरं होतं. नखाएवढं होतं, पण खरं होतं. ते घालवलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून, आणि वर मला म्हणता हळू बोल! मी नाही हळू बोलणार."

दादा काहीतरी म्हणायला लागला, मी त्याला बोलू दिलं नाही. मला थांबायचंच नव्हतं. शेवटी मी थांबले ते आक्काच्या आवाजाने. ती हसत होती. दात नसलेल्या तोंडाने, मांडीवर थाप मारून मारून हसत होती, आणि तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"आगं बाई, मामी!" ती म्हणाली. "मामीच भांडायली की गं ही!"

कुणाला काही कळेना.

"तुझी आई आशीच उभी राहायची," आक्का माझ्याकडे हात करून आईला सांगायला लागली. "आशीच. एक हात कमरंवर आन् दुसरा म्होरच्याच्या नाकाम्होरं. एक तर हाय, न्हाई तर न्हाई! मामाला घाम फुटायचा बघ. आपल्याला हिरीला हात लावू देत नव्हते, वरून पानी वाढायचे. वाढनारी बाई उशीर करायली की मामी जी बोलायची! आमी लेकरं तिच्या लुगड्यामागं लपायचो. लोक म्हनायचे, हळू बोल गं. न्हाई बोलनार म्हनायची. चांगली व्हती, चांगली व्हती म्हनते मी तुला. कसं सांगू बाई, ते काय तोंडात नव्हतं. तोंड मला बी ध्यानात न्हाई. हे व्हतं. ही बोलायली ना, हे."

मी अजून तशीच उभी होते. हात खाली घ्यायचं भान नव्हतं.

आईने खुर्ची माझ्याकडे वळवली. माझ्या सगळ्या आयुष्यात आईने मला दिलेला उपदेश एकच, हळू बोल गं, लोक ऐकतात. शाळेत, लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, सगळीकडे. आता ती माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मुलीकडे बघण्यासारखं नव्हतं. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"थांबलीस का गं?" ती म्हणाली. "भांड की. पुन्हा भांड बरं."

वर्गात, घरात, कुठेही मला कधी शब्द कमी पडलेला नाही. तिथे मात्र पहिलं वाक्यच सापडेना. आई वाट बघत होती. आक्का वाट बघत होती. शेवटी दादानेच मला कोपराने ढोसलं.

"बोल ना," तो म्हणाला. "फोटो खोटा आहे म्हण."

"खोटाच आहे," मी म्हटलं, आणि रडत रडत, कमरेवर हात ठेवून, पुन्हा पहिल्यापासून भांडायला लागले.